दिमडी काठालाच का फाटली?

वाद्य: दिमडी. अखंड सागवानी कडं, व्यास आठ इंच, उंची तीन इंचांच्या आत, एका बाजूला कातडं, दुसरी बाजू उघडी. झांजा नाहीत. मालक: सोलापुरात पुणे रोडवरच्या बाळे इथलं वाघ्यांचं कुटुंब, जागरण घालणारं. तक्रार: मढवून वर्ष व्हायच्या आत कातडं काठाला चंद्रकोर फाटलं, आणि फाटण्याच्या आधीपासूनच आवाज मेलेला. मागणी: चंपाषष्ठीला बाळ्यात खंडोबाची यात्रा भरते, त्याच्या आत दिमडी वाजती करून द्यायची आणि कातडं "घोरपडीचंच" घालायचं.

यातली शेवटची अट ऐकली की बरेच मढवणारे एक तर हात झटकतात, नाही तर हळूच आवाज खाली आणून "बघतो, मिळतं का" म्हणतात. मी दोन्ही केलं नाही. आधी जुनं कातडं बघायला मागितलं.

सुदैवाने ते होतं. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणतो. मामांनी पिशवीतून आधी दिमडी काढली आणि मग पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं, भंडाऱ्याने माखलेलं जुनं पान, म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं. वडिलांच्या काळातलं. ते चिरल्यावर शहरातच एका कारागिराकडून दिमडी नव्याने मढवून घेतली होती, आणि आता फाटलेलं कातडं ते दुसरं. म्हणजे माझ्यासमोर एकाच कड्यावरची दोन कातडी होती: एक पिढीभर टिकलेलं, दुसरं वर्षभरही न टिकलेलं. दुरुस्तीच्या धंद्यात असा योग क्वचित येतो. एरवी लोक फाटलेलं कातडं फेकून देतात आणि मोकळं कडं घेऊन येतात. मग आजार काय होता ते कुणाला विचारायचं?

घोरपड की शेळी

जुनं पान कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसलं. वरचा भंडारा निघाला, खाली तांबूस, तेलकट, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला पृष्ठभाग दिसला. खिडकीपाशी उजेडासमोर धरून भिंगातून बघितलं. घोरपडीच्या कातड्यावर बारीक, मण्यांसारख्या खवल्यांच्या ओळी असतात. वाळल्यावर, घासल्यावरही त्या ओळींची जाळी उजेडात लपत नाही. इथे जाळी नव्हती. होती ती बारीक छिद्रं, थव्याथव्याने, मधूनच एखादं ठळक आणि त्याच्या आजूबाजूला लहान. ती केसांची मुळं. एका कडेला तर कड्याच्या घडीत दोन-तीन पांढरे आखूड केसही अडकून राहिले होते. घोरपडीला केस नसतात, एवढं सांगायला भिंगही लागत नाही.

कातडं शेळीचं होतं. त्यातही कोवळ्या करडाचं असावं, कारण पान फार पातळ होतं.

मामांना हे पटायला वेळ लागला. आबा, म्हणजे त्यांचे वडील, ते घोरपडीचंच सांगत. "आबा खोटं बोलत होते का मग?" असा त्यांचा सरळ प्रश्न. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. दक्षिणेकडची कंजिरा घोरपडीच्या कातड्याने मढवत, आपल्याकडेही खंजिरी-दिमडीला ते कातडं वापरत. त्यामुळे चांगला आवाज देणारी प्रत्येक दिमडी लोकांच्या बोलण्यात घोरपडीची होऊन जाते.

कायद्याची बाजूही मी त्यांना तिथेच सांगितली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिकार किंवा कातड्याचा व्यापार सिद्ध झाला तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची कैद आहे, शिवाय दंड. नान्नजचं माळढोक अभयारण्य शहराच्या इतकं जवळ असताना वन खातं म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. तरीही "मिळवून देतो" म्हणणारे भेटतात, आणि पैसे घेऊन देतात तेही बहुधा शेळीचंच, वर रंग काढून. मामांच्या मुलाने मग २०१५ च्या बंदीचं विचारलं. ती गोवंशाबद्दलची आहे, शेळीचा तिच्याशी संबंध नाही. हा गोंधळ बऱ्याच गिऱ्हाइकांच्या डोक्यात असतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

फाट काय सांगत होती

कातडं कुठे फाटलं यावरून का फाटलं ते बरंचसं कळतं. मधोमध भोक असेल तर घाव, अंगठी किंवा कसर. मधून काठाकडे सरळ चीर गेली असेल तर कातड्यातच एखादा पातळ पट्टा होता आणि वाळताना तो हरला. काठाला समांतर, कड्याला चिकटून फाट गेली असेल तर संशय कातड्यावर नाही, कड्यावर घ्यायचा. मामांची फाट तिसऱ्या प्रकारची होती.

कडं जाड काचेवर पालथं ठेवलं तर ते डुगडुगलं. खालून विजेरी मारली तर दोन जागी उजेडाची फट दिसली. काठावर नख फिरवलं तर आतल्या अंगाची धार लागत होती. व्यास आडवा-उभा मोजला तर दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा फरक. कडं लंबगोल झालेलं होतं.

आता दुसरं कातडं. जुन्या पानाची जाडी मापकावर ०.३ मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्याची जवळजवळ अडीच पट. बहुधा एखाद्या मोठ्या वाद्याचा उरलेला तुकडा. इथून पुढची साखळी आपोआप जुळते. ताण तोच ठेवून कातड्याची जाडी अडीच पट केली की सूर सुमारे १.६ पटीने खाली जातो, कारण सूर ताणाच्या आणि वजनाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने चालतो. म्हणजे त्या कारागिराने कातडं चढवून वाजवलं असेल तेव्हा दिमडी "थप थप" बोलली असणार. आवाज वर आणायचा तर ताण वाढवायचा. सूर १.६ पट वर हवा तर ताण अडीच पट. त्याने ओलं कातडं शक्य तेवढं ओढलं, आणि मामांच्या मुलानेच सांगितलं त्याप्रमाणे, लवकर वाळावं म्हणून दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवलं. कातडं आक्रसलं, कड्याला ओढून लंबगोल केलं, काठ वाकडा झाला, आणि सगळा ताण दोन उंच राहिलेल्या जागांवर, धारेवर आला. पुढचं काम सोलापूरच्या मे महिन्याने केलं.

थोडक्यात, चुकीची जाडी, ती झाकायला जादा ताण, आणि त्यावर घाईची वाळवण. कातडं शेळीचं होतं की घोरपडीचं, याचा या फाटण्याशी काहीही संबंध नव्हता. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच. दिमडीला तबल्यासारखा ना गजरा (कातड्याच्या काठाची वेणी), ना वादी (ताणायची चामड्याची पट्टी), ना गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे). तबला मढवताना चूक झाली तर हातोडीने सावरता येते. दिमडीचा ताण वाळताना एकदाच बसतो, आणि तो वाळवणारा जेवढी घाई करेल तेवढा वाईट बसतो.

फायबर घालू का, हा प्रश्न

मामांचा मुलगा गणपतीत ढोल पथकात वाजवतो. त्याचं म्हणणं, "अण्णा, फायबर टाका की. पावसात उतरत नाही, उन्हात फाटत नाही." मुद्दा खोटा नाही. पथकाच्या ढोलाला फायबरचं पान मीही बसवून देतो आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पावसात भिजत वाजवायचं वाद्य आहे ते.

पण दिमडीवर वाघ्या डाव्या हाताच्या बोटांनी मागून कातडं दाबतो आणि उजव्या हाताने वाजवतो. दाबलं की सूर लवतो. पदाच्या ओळीच्या शेवटी ती घुमारेदार लवण येते ती याच दाबाची. प्लास्टिकची फिल्म त्या दाबाला उसळून उत्तर देते, लवत नाही. मी मुलाला दुकानातली एक फायबरची खंजिरी वाजवायला दिली. त्याने दोन ठोके मारले, मागून दाबलं आणि खाली ठेवली. विषय तिथेच मिटला.

मामांनी आणखी एक गोष्ट मागितली: दिमडी तुणतुण्याच्या सुरात लागावी. ही मागणी मी मान्य केली नाही. तबल्याला किंवा पखवाजाला शाई, म्हणजे पानावरचा काळा गोल, असते म्हणून त्यातून नेमका सूर निघतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ च्या निबंधात दाखवलं ते हेच, की मधल्या शाईच्या भारामुळे कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात. शाई नसलेल्या साध्या गोल पानाचे वरचे स्वर १.५९ पट, २.१४ पट असे आडमुठे पडतात. ते कुठल्याच सप्तकात बसत नाहीत. दिमडी तुणतुण्याला धरून बोलेल, भांडणार नाही, एवढंच वचन दिलं.

कातडं

खाटकाकडून मिठाचं, लहान शेळीचं कातडं आणलं. मोठ्या बोकडाचं स्वस्त पडतं, पण मग ते खरवडून पातळ करावं लागतं, आणि खरवडलेलं कातडं कुठे तरी दगा देतंच.

मीठ काढायला भरपूर पाणी लागतं. सोलापुरात तेव्हा नळ चार-पाच दिवसांआड येत होता, त्यामुळे आमचं पंचांग नळाच्या पाळीवर चालायचं. पाण्याच्या दिवशी कातडं भिजत घातलं, दोन-तीनदा पाणी बदललं, मग चुन्याच्या निवळीत बुडवलं. किती दिवस, याला घड्याळ नाही. मानेकडचा केस चिमटीत धरून ओढला की विरोध न करता सुटला पाहिजे. तो सुटला की पोटाकडचे केव्हाच सुटलेले असतात. त्यापुढे चुन्यात ठेवलं तर कातडं फुगून लिबलिबीत होतं. केस आणि आतला मांसाचा पापुद्रा बोथट खरवडणीने काढला आणि चुना पूर्ण जाईपर्यंत धुतलं. चुना राहिला तर कातडं वाळल्यावर कडकतं, बोटांनाही खाजवतं.

पाणी गार किंवा फार तर कोमट. उकळत्या पाण्याने लवकर होतं असं कुणीतरी सांगतं, ते ऐकू नये. ओलं कच्चं कातडं साठ अंशांच्या आसपास आक्रसून सरसासारखं होऊ लागतं. मग ते दिमडीला नाही, सुताराला उपयोगी.

या पिंपाचा वास गल्लीभर जातो. दिमडी देवापुढे वाजली की हात जोडणारी माणसं पिंपाजवळून नाक धरून जातात. त्याला इलाज नाही आणि मी आता बोलतही नाही.

तुकडा कुठला घ्यायचा? पोटाकडचं कातडं सैल, ते ताणत राहतं. मान जाड. कण्याची रेघ कडक, आणि ती मधून गेली की पान दोन स्वभावांचं होतं. मी कण्याच्या एका बाजूची पाठ घेतली, जिथे उजेडासमोर धरल्यावर तुकडाभर सारखाच पिवळा उजेड दिसत होता. मापकावर सगळीकडे ०.३ ते ०.३५. कण्याची दिशा कोणती ते पेन्सिलीने कडेला खूण करून ठेवलं. लांबीत आणि आडवं कातडं सारखं ओढलं जात नाही, म्हणून ही दिशा लंबगोल कड्याच्या कोणत्या व्यासावर येणार हे आधी ठरवावं लागतं. कातडं जिकडे कमी ओढतं ती बाजू मी कड्याच्या आखूड व्यासावर घेतली, म्हणजे कडं आणखी दबलं जाणार नाही.

कडं आणि खळ

लंबगोल कड्याचं वर्तुळ करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. दोन सूत लंबगोल असल्याने दिमडीचं काही बिघडत नाही; अखंड लाकडाला वाफ देऊन शिकंजात धरलं तर मात्र चिरण्याची भीती. काठ सपाट हवा, तेवढं पुरे. काचेवर पॉलिशपेपर पसरून कडं पालथं धरलं आणि फटी बंद होईपर्यंत गोल गोल घासलं. मग आतली धार मारली, काठाला हलकी गोलाई दिली. बोट फिरवलं की कुठेही अडकायला नको. या कामाला सगळ्यात कमी दाद मिळते. वाद्य टिकतं ते यावरच.

आधीच्या कारागिराने पांढरा रासायनिक गम वापरला होता. तो कड्यात मुरून प्लास्टिक झाला होता, आणि तो खरवडताना थोडं लाकूडही गेलं. मी चिंचोक्याची खळ वापरतो. चिंचोके भाजायचे, वरची तपकिरी टरफलं काढायची, आतला पांढरा गर दळायचा, गार पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, पळी उभी राहील इतका घट्ट. सोलापूरच्या मागवाल्याला चिंचोक्याची पावडर नवीन नाही, सुताला कांजी करायला ती वापरतात. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, तसं मीही घातलं, नाही तर कसर आधी खळ खाते आणि मग कातडं. मोरचूद विषारी आहे, हात लगेच धुवायचे, भांडं वेगळं ठेवायचं.

खळीचा मोठा गुण असा की ओलं फडकं गुंडाळून ठेवलं की ती सुटते. पुढे मढवणाऱ्याला लाकूड खरवडावं लागत नाही.

चढवणं आणि वाळवणं

कड्याच्या बाहेरच्या अंगाला खळ लावली, थोडी कातड्यालाही. कातडं निथळून, कापडात दाबून, पाणी टपकत नाही पण अंग ओलं आहे अशा अवस्थेत वर टाकलं. केसाची बाजू वर. सुती दोरीचे वेढे देऊन बांधलं, मग समोरासमोरच्या जागा जोडीने ओढत सुरकुत्या काढल्या. ओढायचं ते सुरकुती जाईपर्यंतच. या क्षणी पान सैल दिसतं, बोटाने दाबलं की खाली जातं, आणि नवशिक्याचा हात इथेच वळवळतो. आणखी एक ओढ द्यावीशी वाटते. ती द्यायची नाही. उरलेला ताण कातडं वाळताना स्वतः घेतं.

मग खरी परीक्षा. दिवाळीनंतर सोलापूरची हवा कोरडी होते, दुपारी तर अंगावरचा पंचा बघता बघता वाळतो. कातडं अशा हवेत उघडं ठेवलं तर कडा आधी वाळतात, पोट ओलं राहतं. कडा आक्रसून पोट ओढतात, पोट नंतर वाळून कडा ओढतं, आणि ताण ठिकठिकाणी वेगळा बसतो. पापडासारखं. त्याच्या कडा वर वळतात, कातड्याला वळायला जागा नसते म्हणून ते कडं वाकवतं किंवा फाटतं.

मी दिमडी आतल्या खोलीत, जमिनीवर, पाण्याच्या माठाशेजारी ठेवली. पंखा बंद. काठावरून ओल्या फडक्याची घडी फिरवली, म्हणजे कडा पोटाच्या मागे वाळतील. फडकं सुकलं की पुन्हा ओलं, रात्री काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पोट दुधाळ पांढऱ्यावरून पिवळट झालं, टिचकी मारली तर "टुप" असा बसका आवाज. मामा मध्येच बघायला आले आणि म्हणाले, "अण्णा, हे तर वाजतच नाही." त्यांना परत पाठवलं. पिवळेपणा काठापर्यंत एकसारखा झाला आणि काठालगत आठ जागी टिचकीचा आवाज जवळपास एक आला, तेव्हा दोरी सोडली, खालचं कातडं पट्टी धरून कापलं, आणि त्या कडेवर पुन्हा खळीने कापडाची पट्टी चिकटवली. पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायला मुलगा सांगत होता, दिसायला बऱ्या दिसतात म्हणून. प्रत्येक चूक म्हणजे कातड्याला एक भोक आणि लाकडाला एक चिरेची सुरुवात. मारल्या नाहीत.

नंतर

यात्रेच्या आधी दिमडी मामांच्या हातात गेली. पहिल्या जागरणानंतर निरोप आला: आवाज फार चढा, टणटण करतो. हे अपेक्षित होतं. नवं कातडं कोरड्या हवेत वर चढतं. मामांना उपाय दाखवला: ओल्या फडक्याने आतल्या बाजूला, मधोमध, फक्त पुसायचं, मग तळवा ठेवून हलकेच दाबून धरायचं. कंजिरावाले वाजवण्याआधी आतून पाणी लावतात ते याचसाठी. बाहेरून पाणी लावायचं नाही, काठाला तर नाहीच. उलट हवा दमट असली आणि आवाज बसला तर दिवटीजवळ हात राहील इतक्या अंतरावर धरायची. मामांनी भंडारा लावण्याबद्दल विचारलं. कोरडा भंडारा खुशाल लावा, तेल मात्र वर्षभर नको, असं सांगितलं.

पौष पौर्णिमेला ते नळदुर्गच्या खंडोबाला जाऊन आले. रात्री थंडी, दुपारी ऊन, दिमडीने दोन्ही सोसलं. परत आल्यावर मी काचेवर ठेवून पाहिली, काठ डुगडुगत नव्हता.

उन्हाळ्यासाठी मी एकच अट घातली होती: पत्र्याच्या छताखाली खुंटीला टांगायची नाही. मामांच्या घरात वरचा भाग पत्र्याचा आहे आणि आधी दिमडी तिथेच, पत्र्यापासून हातभर खाली, लटकत असायची. आता ती सुती कापडात गुंडाळून खालच्या कपाटात, पालथी, असते. मेमध्ये मुलगा एकदा दाखवायला घेऊन आला. सूर चढलेला होता, पान शाबूत होतं.

पावसाळ्यात एका जागी, पट्टीखाली, बोटभर लांबीत कड सुटली. खळीला ओल लागली की हे होतं, आणि रासायनिक गमाच्या बाजूने बोलणारे हाच मुद्दा काढतात. पट्टी तेवढ्यापुरती उचलली, सुटलेल्या जागी नवी खळ भरली, दोरीचे वेढे देऊन सावलीत ठेवली. कातडं उतरवावं लागलं नाही, काठाचा ताणही हलला नाही. ही दुरुस्ती मामांच्या मुलाने केली, मी शेजारी बसून होतो. जाताना त्याने खळ करायची पावडर मागून घेतली.